फानिआसचे कान

मी पहाटेला दगड मारला, आणि तो एका पोराच्या कपाळाला लागला.

पहाट म्हणजे एओस. देवी आहे ती. सूर्याच्या आधी रथ घेऊन निघते, केशरी पदर, गुलाबी बोटं... लोक काय काय म्हणतात. मी तिला काय म्हणते ते मोठ्याने बोलले तर आई माझी जीभ हासडेल. म्हणून बोलत नाही. दगड मारते. सतरा दिवस झाले, रोज एक. परसात उभं राहायचं, भिंतीवर लालसर दिसायला लागलं की हात मागे न्यायचा, आणि — सूं!

अठराव्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. "आई गं!"

मग भिंतीवर दोन हात आले. मग कुरळे केस. मग एक कपाळ, आणि त्यावरून रक्ताची बारीक धार.

"ए! डोकं फिरलंय का तुझं?"

"तू मधे कशाला आलास?"

"मधे? मी आमच्या अंगणात सुरया वाळत घालत होतो! कुणाला मारत होतीस?"

मी बोट दाखवलं. त्याने वळून पूर्वेकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"...तिला?"

"हो."

"बरीच लांब आहे."

"रोज थोडा पुढे जातोय दगड."

तो हसला. कपाळातून रक्त येतंय आणि हा हसतोय! डोळे तपकिरी, ओल्या मातीसारखे. मला आणखीच राग आला. इतक्या सकाळी कुणाचे असे डोळे असू नयेत.

"तिने तुझं काय केलंय?" त्याने विचारलं.

"तुझ्या बापाचं काय जातं?" मी म्हणाले आणि घरात शिरले.

तिने काय केलंय ते सांगते.

फानिआस माझा भाऊ. सतरा वर्षांचा. दाढ किडून मेला. हो, दाढ. लढाईत नाही, समुद्रात नाही. आधी गाल सुजला, मग मान, मग ताप, आणि सहाव्या दिवशी खलास. आमच्या अथेन्सचा कायदा असा, की सूर्य उगवायच्या आत मढं घरातून निघून पुरलं गेलं पाहिजे. आम्हाला उशीर झाला होता. दाराबाहेर पाय टाकला आणि सगळं आभाळ गुलाबी. तेवढ्यात शेजारची एक बाई आईच्या कानाशी लागली. "रडू नको गं. एओसने नेला त्याला. देखणी पोरं दिसली की ती उचलून नेते. तिच्या महालात असेल तो आता, समुद्राच्या पार."

जवान पोरगा गेला की आमच्याकडे असं म्हणायची पद्धतच आहे. सगळेच म्हणतात. खरं कुणी मानत नाही.

आईने मानलं.

तेव्हापासून ती अंधारातच माळवदावर चढते. दुधात मध कालवून वाटी ठेवते आणि पूर्वेकडे बघून हसते. हसते! ऊन डोक्यावर आलं की खाली येते, कोपऱ्यात बसते आणि उद्याच्या पहाटेची वाट बघते. डोळ्यांतून एक टिपूस नाही. मी भाकर पुढे केली की म्हणते, "त्याला तिथे अमृत देतात म्हणे." स्वतः दोन घास खाल्ले तर खाल्ले. आणि माझ्याकडे बघत नाही. माझ्यातून पलीकडे बघते. जणू मी माणूस नाही, दाराची फट आहे.

बाप नाही आम्हाला, काका आहे तो फक्त रीतीपुरता. कबरींवर बांधायच्या लाल फिती विकून जगतो. आई विणायची, मी मंजिष्ठेत रंगवायची. आता दोन्ही मीच करते. आणि रात्री अंथरुणावर पडलं की एकच विचार — अशीच चढत राहिली, तर एक दिवस ही बाई माळवदावरून थेट त्या आभाळातच पाऊल टाकेल.

त्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "गोर्गोसकडे सुरई सांगितलीय. तिसाव्या दिवशी कबरीवर ठेवायला. एओस त्याला नेतेय, असं चित्र."

मी विणकाम तिथेच टाकलं आणि तरातरा निघाले.

गोर्गोस म्हणजे भिंतीपलीकडचा म्हातारा कुंभार. कारखान्यात शिरले तर ओल्या मातीचा वास, फळीवर पांढऱ्या सुरयांची रांग. आणि खाली, मांडीवर सुरई धरून, कपाळाला चिंधी बांधून... तो.

"ये," तो म्हणाला. "आज काय आणलंस? धोंडा?"

"तू इथे काय करतोस?"

"चित्रं काढतो. कित्तोस माझं नाव. सालामिस बेटावरून आलोय, दहा दिवस झाले."

मी त्याच्या मांडीवर पाहिलं. पांढऱ्या सुरईवर कोळशाच्या रेघा. पंखवाली बाई हात पसरून धावतेय. तिच्या पुढे एक पोरगा. हातात वीणा, सरळ नाक, उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत चेहरा.

"हा कोण?"

"फानिआस नावाचा कुणी. फितीवाल्या मावशींचा मुलगा."

मी फळीकडे पाहिलं. तिथे आणखी चार पोरं, चौघांचा चेहरा तोच.

"आणि हे?"

"ते दुसऱ्यांचे मुलगे."

"सगळ्यांना एकच नाक?"

"गिऱ्हाइकाला हेच नाक आवडतं."

"पूस ते."

"अगं, पण मावशींनी —"

"मावशी माझी आई आहे! आणि ती शुद्धीवर नाहीये! तुमच्या असल्या चित्रांनी वेड लागलंय तिला!"

चाकावरून गोर्गोस खेकसला, "ए पोरी, हळू! कच्ची भांडी तडकतील माझी!"

"तडकू देत! आणि ही बया कसली देवी? त्या देखण्या तिथोनोसला पळवून नेलं, त्याच्यासाठी अमरपण मागितलं आणि तरुणपण मागायला विसरली! तो म्हातारा होत होत किड्याएवढा झालाय, कोपऱ्यात किरकिर करतोय अजून. एक वर धड मागता येत नाही बाईला. हिच्याकडे माझा भाऊ? हिला शेळी सांभाळायला देऊ नये!"

कित्तोसने कोळसा खाली ठेवला. हसू दाबत होता मेला... पण डोळ्यांत हसू नव्हतं.

"भाऊ होता तुझा," तो हळूच म्हणाला. "मला माहीत नव्हतं. कसा होता?"

कुणी विचारलंच नव्हतं इतक्या दिवसांत. सगळ्यांना तो कसा गेला तेवढंच माहीत करून घ्यायचं होतं.

"कान," मी म्हणाले. "आधी ते कान बघ. हे काय शिंपले काढलेस? फानिआसचे कान घड्याच्या कानांसारखे होते. दोन्हीकडून धरून उचलता आला असता."

त्याने अंगठ्याने कान पुसला, नवा काढला. "एवढे?"

"मोठे."

"एवढे?"

"अजून."

"अगं बाई, हा देवीशिवायच उडेल!"

मी हसले. अठरा दिवसांनी. आणि हसले म्हणून स्वतःचा इतका राग आला की दार आपटून निघून आले.

"उद्या ये!" मागून ओरडला. "नाक राहिलंय!"

मी जाणार नव्हते. गेले.

रोज जायला लागले. आई माळवदावरून उतरून कोपऱ्यात बसली की फितींची टोपली काखोटीला मारायची आणि गोर्गोसच्या दारातून आत. गोर्गोस कपाळाला हात लावायचा. "आली. आता काय वाढवायचंय? कान की नाक?"

नाक वाकडं होतं, लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडलेला. वीणा तर खोडूनच टाकायला लावली. "वीणा? गुरुजींची छडी एकदा खाल्ली आणि शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळाला तो! शिट्टी वाजवायचा फक्त. तीही बेसूर." समोरच्या दातांत फट, त्या फटीतून ऑलिव्हच्या बिया रस्त्यापलीकडे थुंकायचा. हरलेला असला तरी ओरडून ओरडून जिंकायचा. कित्तोस ऐकायचा, पुसायचा, काढायचा. कोळशाच्या रेघा भट्टीत जळून जातात, शेवटी वरून रंगवलेलं तेवढंच उरतं, म्हणून कितीही चुका चालतात, असं म्हणाला.

"म्हणजे तुझ्या चुका कुणाला दिसतच नाहीत?" मी म्हणाले.

"कपाळावरची दिसेल. खूण राहणार आहे, गोर्गोसकाका सांगत होते. लोक विचारतील, कुणी दिली? काय सांगू?"

"सांग... देवीने दिली."

"तेच सांगणार होतो," तो म्हणाला आणि खाली बघून रेघ ओढायला लागला.

माझे कान गरम झाले. टोपली उचलायला वाकले, तर त्याची नजर माझ्या हातांवर. मंजिष्ठेने नखांपर्यंत रंगलेले.

"तुझीही बोटं गुलाबी आहेत की."

"आणखी एक शब्द बोललास ना, तर दुसरं कपाळही फोडीन!"

"दुसरं नाहीये मला," तो म्हणाला. "हे एकच. तुझंच समज."

मी त्याच्या अंगावर ओली चिंधी फेकली. त्याने ती झेलली आणि परत दिलीच नाही...

चोविसाव्या दिवशी पाऊस आला. भुरभुर, नुसता त्रास द्यायला येतो तसला. अंगणातली कच्ची भांडी आम्ही दोघांनी धावत धावत आत आणली आणि भट्टीच्या छपराखाली धापा टाकत बसलो. त्याच्या केसांवर थेंब. खांद्याला खांदा लागत होता, आणि दोघंही सरकत नव्हतो.

"आता तोंड राहिलंय त्याचं," तो म्हणाला. "मिटलेलं काढू की उघडं?"

मी नखांवरचा लाल रंग खरवडायला लागले.

"मिर्तो?"

"उघडं," मी म्हणाले. "ओरडत होता तो. दाढ उपटायला वैदू आला, तर त्याला चावला. जीव गेला तरी चालेल, पण दाढ काढू देणार नाही, असा हट्ट. रात्रभर कण्हत होता. आणि मी... मला झोप येत नव्हती. मी म्हणाले —"

कित्तोस थांबला. 'काय म्हणालीस' असं विचारलंसुद्धा नाही.

"मी म्हणाले, काय रडतोस बायकांसारखा. मर एकदाचा. झोपू दे."

पाऊस छपरावरून गळत होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, तुझा काही दोष नाही, देवाची मर्जी. तसं म्हणाला असता तर मी त्याला भट्टीत ढकललं असतं.

"मी माझ्या धाकट्या भावाला रोज हेच म्हणतो," कित्तोस म्हणाला. "अजून माझ्या ताटातलं खातोय."

आणि मी रडले. शेंबूड येईपर्यंत. त्याने तीच ती चिंधी पुढे केली, जी परत दिली नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी भट्टी उघडली.

त्याने सुरई राखेतून उचलली, फुंकरली, माझ्या हातात दिली. अजून कोमट होती. मी उजेडाकडे फिरवून बघितलं.

एओसने त्याला कंबरेला धरलंय. पंख पसरलेत. आणि फानिआस — एका हाताने त्याने तिचे केस मुठीत आवळलेत, एक लाथ तिच्या पोटात बसतेय, तोंड उघडं, दातांत फट, गाल सुजलेला. आणि ते कान! देवी दमलेली दिसत होती. इतकं जड पोरगं आयुष्यात उचललं नसेल तिने.

गोर्गोस डोकावला. "अरे देवा. देवीचे केस ओढतो कुणी? हे कोण विकत घेईल?"

"विकायचं नाहीये," कित्तोस म्हणाला.

मी सुरई परत त्याच्या हातात कोंबली. "हे नको. आईला हे नको देऊस."

"काय?"

"ती मोडेल रे. तिला वाटतंय तो तिकडे खुशीत आहे. त्या फळीवरच्या गुळगुळीतांपैकी एक दे."

"दहा दिवस माझं डोकं खाल्लंस! कान मोठे कर, नाक वाकडं कर, दात दाखव — आणि आता नको?"

"निदान हसते ना ती!"

"आणि ती हसते म्हणून तू रडतेस, ते?" त्याचाही आवाज चढला. पहिल्यांदाच. "फळीवरचे गेले, ज्यांचे होते त्यांच्याकडे. नवा मी काढणार नाही. मला ते नाक आता काढताच येत नाही. तू माझा हात बिघडवलास, कळलं? आता जो पोरगा समोर येतो त्याचे मी आधी कान बघतो!"

मी तशीच घरी आले. दोन दिवस त्या दाराकडे फिरकले नाही. आईजवळ बसले. तिने माझ्यातून पलीकडे बघितलं. दोन दिवस.

तिसाव्या दिवशी आई अंधारातच निघाली. हातात मधाचं दूध, चेहऱ्यावर तेच हसू. मी फिती घेऊन मागे. वेशीबाहेर कबरीशी पोचलो तर कित्तोस आधीच तिथे, फडक्यात सुरई गुंडाळून. माझ्याकडे न बघता त्याने ती आईच्या हातात दिली.

"मावशी," तो म्हणाला. "चुकलं असेल तर फोडून टाका. पण आधी बघा."

आईने कबरीशी बसून फडकं सोडलं.

पूर्वेला उजाडत होतं, आणि आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं... मग तिचं बोट पुढे आलं. कानावर गेलं. कानाच्या कडेवरून फिरलं, सावकाश. मग गालावर आलं आणि सुजेवर थांबलं. जणू दाबलं तर दुखेल.

"हा जायला तयार नव्हता," आई म्हणाली.

"नव्हता, आई."

"ओढून नेला."

"हो."

"लाथ मारतोय बघ कशी. असाच मारायचा, आंघोळीला नेलं की." आवाज तुटला. आणि मग ती उठली. माझी आई, जी महिनाभर नीट जेवली नव्हती, ती कबरीवर हात टेकून उठली आणि त्या गुलाबी आभाळाकडे तोंड करून असं ओरडली, की झाडांवरचे कावळे उडाले.

"चोरटे! अगं ए चोरटे! तुला दुसरं कुणी दिसलं नाही का गं? सतरा वर्षं मी वाढवला! माझा होता तो, माझा!"

दूध सांडलं. वाटी दगडावर फुटली. आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तीस दिवसांचं सगळं एकदम. मी तिला धरलं. किती वेळ ते माहीत नाही. उन्हं कबरींवर आली तेव्हा तिने नाक पुसलं, वर बघितलं... आणि तिची नजर माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. पलीकडे गेली नाही. थांबली.

"तू काही खाल्लंस का गं?" आई म्हणाली. "किती वाळलीयेस!"

मी नुसती मान हलवली.

कित्तोस इतका वेळ लांब, सुरूच्या झाडाखाली उभा होता. तो आला. सुरई त्याने कबरीवर नीट टेकवली, मी वर फीत बांधली. मग तो तिथेच गुडघ्यांवर बसला, घसा खाकरला आणि कबरीशी बोलायला लागला.

"फानिआस, मी कित्तोस. आपली ओळख नाही. पण तुझे कान मी सात वेळा काढलेत, तेव्हा थोडी आहे म्हणायला हरकत नाही. तर... बाप नसला की बहिणीला कुणाच्या हाती द्यायचं ते भावाने ठरवायचं, अशी रीत आहे. तुमच्या काकांकडे जाईनच मी, पण आधी तुला विचारतो. मिर्तो मला दे. रागीट आहे, माहीत आहे मला. चालेल. म्हणजे... तेच आवडलंय."

आईने तोंडाला पदर लावला.

माझ्या डोक्यात सणक गेली.

"ए शहाण्या! त्याला काय विचारतोस? तो मेलाय! दाढ किडून मेलाय! मी इथे उभी आहे ना दोन पायांवर, धडधडीत जिवंत — मला विचार!"

बोलून गेले आणि जीभ चावली. 'मेलाय.' आईसमोर तो शब्द पहिल्यांदाच निघाला होता तोंडातून. आईने ऐकला. डोळे मिटले, उघडले. आणि माझा हात घट्ट धरला.

कित्तोस उठला. गुडघ्यांना माती, कपाळावर खूण, डोळे... हो, तेच ते.

"मिर्तो..."

"काय?"

"विचारू?"

"नाही, पुढच्या वर्षी विचार! काय ते एकदाचं बोल ना!"

"माझ्याशी लग्न करशील?"

"करीन!" मी ओरडले. "आणि काकाकडे मी येणार. तिथे बोलायचं मी. तू नुसता शेजारी उभा राहा."